मॅग्नम काडतुसांचा हिवाळा

परवा सकाळी एसी बंद केला आणि घर एकदम शांत झालं. नोव्हेंबर अर्धा सरला की दुबईत हा दिवस येतो. सात-आठ महिने कानात मुक्काम ठोकून बसलेली घरघर थांबते, बाल्कनीचं दार सताड उघडता येतं आणि शेजारच्या इमारतीतल्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ऐकू येतात. माझी मुलगी ईरा आता नोकरीला लागली आहे. डबा भरता भरता ती म्हणाली, "फायनली, आई. आय कॅन ब्रीद." मी चहाचा कप घेऊन दारात उभी राहिले. इथे डिस्कव्हरी गार्डन्समध्ये पहाटे झाडांना पाणी घालतात, त्यामुळे वाऱ्याला ओल्या गवताचा वास होता. माझ्या नाकाला मात्र दुसराच वास आला, नुकत्याच उडालेल्या काडतुसाच्या गरम पितळेचा. इतकी वर्षं झाली, पण पहिली थंडी पडली की तो येतोच.

तो वास दोन हजार आठ संपून नऊ सुरू होतानाच्या हिवाळ्याचा आहे. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात टॉवरच्या खिडक्यांच्या ॲल्युमिनियम चौकटी बनत, आणि त्या बरोबर मापाच्या आहेत की नाही हे मी तपासत असे. पुण्यात इंजिनिअरिंग केल्यापासून माझं काम एकच, मोजणे. मग टॉवरच बांधायचे थांबले. डिसेंबरमधल्या एका दुपारी आम्हा अकरा जणांना मीटिंग रूममध्ये बोलावलं आणि पाच मिनिटांत नोकरी खलास. माझा नवरा हेमंत साइट इंजिनिअर होता. त्याची साइट बंद पडली होती, आणि कंपनीने त्याला काढलं नव्हतं एवढंच. बिनपगारी रजेवर बसवलं होतं.

जेवताना तो म्हणाला, "मार्चअखेर ईराची दुसरी संपेल. तोवर काही जमलं नाही तर तू आणि ती पुण्याला जा. मी इंटरनॅशनल सिटीत स्वस्तातली एखादी खोली कुणाबरोबर तरी शेअर करून राहतो."

"आणि इथलं घर?"

"घर कसलं, मनीषा. भाड्याचं आहे."

तो हे अगदी हळू बोलला. समोरच्या बाल्कनीत कुणीतरी निघून जाताना सोडलेली मुलाची सायकल होती. मी तिच्याकडे बघत बसले.

जानेवारीत पेपरात एक छोटी जाहिरात दिसली. अचूक मोजमापाचा अनुभव असलेला माणूस तीन महिन्यांसाठी हवा होता. पत्ता अल ऐन रस्त्याच्या आतल्या वाळवंटातला, एका खासगी शूटिंग क्लबचा. मी गेले. क्लबचे मालक साठीचे अमिराती गृहस्थ होते, त्यांना सगळे अबू सैफ म्हणत. त्यांच्या वडिलांचा मुंबईशी व्यापार होता, म्हणून ते हिंदी सहज बोलत.

"बंदूक चलाई है कभी?" त्यांनी विचारलं.

"नहीं."

"शिकार पसंद है?"

खोटं बोलून नोकरी मिळवायची माझी फार इच्छा होती. पण तोंडातून निघालं, "नहीं. मैं तो गोश्त भी नहीं खाती."

त्यांनी मान डोलावली. "अच्छा है. जिसको बंदूक से मोहब्बत है, वो नाप में झूठ बोलता है. मेरे सब दोस्तों को मोहब्बत है."

मग त्यांनी मला खरं कारण सांगितलं. दर शरद ऋतूत ते मध्य आशियातल्या डोंगरांत आयबेक्सच्या शिकारीला जात, रीतसर परवाना काढून. आयबेक्स म्हणजे मागे वळलेल्या लांब शिंगांचा रानबोकड. आदल्या वर्षी त्यांनी सहाशे मीटरवरून एकावर गोळी झाडली, आणि ती खाली लागली. लंगडत तो कड्याआड गेला. दोन दिवस शोधूनही सापडला नाही. "वो कहीं मरा होगा, धीरे धीरे," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे मित्र म्हणत होते, काडतूस कमी पडलं, आणखी मोठं घे. त्यांना मार्चअखेर उत्तर हवं होतं. तीन प्रकारची मॅग्नम काडतुसं होती. त्यांतलं कोणतं घ्यायचं आणि चूक कुठे झाली?

मला हे ऐकताना बरं वाटलं नव्हतं. ज्या प्राण्याला मारायचंच आहे त्याच्याबद्दल हा माणूस हळहळतोय, हे मला कळेना. पण त्याची हळहळ खरी होती हेही दिसत होतं, आणि मला नोकरी हवी होती. मी हो म्हटलं.

त्या तीन महिन्यांतल्या सकाळी मला अजून दिसतात. सहाला क्लबची व्हॅन यायची. रस्त्यावर धुकं इतकं दाट की पुढच्या गाडीचे दिवे तेवढे दिसत. अर्धवट टॉवरांवरच्या क्रेन थांबल्या होत्या, त्या धुक्यात बुडालेल्या असत. शहर मागे पडलं की ऊन यायचं. त्या वर्षी चार सरी पडल्या होत्या, त्यामुळे वाळूवर पोपटी लव आली होती आणि उंट माना खाली घालून चरत असायचे. रेंजवर दोनशे, चारशे, पाचशे आणि सहाशे मीटरवर पांढरे रंगवलेले लोखंडी पत्रे आणि शेजारी लक्ष्याचे कागद टांगलेले होते. सहाशेवरचा पत्रा नुसत्या डोळ्यांना दाण्याएवढा दिसे.

तिथला उस्ताद होता रहमत खान, पेशावरकडचा. पांढरी दाढी, हातावर जुन्या भाजल्याच्या खुणा. क्लबच्या परवान्यावर तो हाताने काडतुसं भरायचा. उडालेल्या रिकाम्या पुंगळ्या धुऊन चकचकीत करायच्या, दाबयंत्रात घालून पुन्हा मापात आणायच्या, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची आणि वर गोळी बसवायची. दाबयंत्राचा दांडा खाली आला की पितळेचा एक मऊ, तृप्त आवाज येई. मी पहिल्याच दिवशी त्या आवाजाच्या प्रेमात पडले, आणि हे कुणाला सांगितलं नाही.

उस्ताद माझ्यावर खूश नव्हता. "मॅडम, चालीस साल से भर रहा हूँ," तो म्हणाला. "अब आप मुझे तोलेंगी?"

त्याचा राग समजण्यासारखा होता. खाली लागलेली ती गोळी त्यानेच भरलेली होती. क्लबचा मॅनेजर फादी, बैरूतचा तरुण, त्याला घरी पाठवायच्या विचारात होता. फादी वाईट माणूस नव्हता. त्याला माणसं कमी करायची होती, तेव्हा सगळ्याच मॅनेजरांना करायची होती. "कारखान्यातली तयार काडतुसं घेऊ," तो म्हणायचा. "मोठी घेऊ. फिनिश."

मॅग्नम म्हणजे काय, हे मला उस्तादनेच सांगितलं, नाइलाजाने का होईना. साध्या रायफलीची असते तेवढ्याच जाडीची गोळी, पण मागे पुंगळी मोठी, म्हणजे दारू जास्त आणि वेग जास्त. सेव्हन एमएम मॅग्नम त्यातलं सडपातळ. त्याची गोळी सरळ रेषेत जाई, खांद्याला धक्का थोडा बसे, पण वारा सुटला की थोरल्या दोघांपेक्षा ती जास्त ढळे आणि अंगावर आदळताना जोरही थोडा कमी. थ्री हंड्रेड मधलं, आदल्या वर्षी अबू सैफनी डोंगरात नेलेलं; काही फार देखणं नाही, पण सगळं पुरेसं. आणि थ्री थर्टी-एट म्हणजे थोरलं. बोटभर लांब पुंगळी आणि असा दणका की शेजारच्या मेजावरचा चहा हिंदकळे. वाऱ्याला ते जुमानत नसे. अबू सैफचे मित्र त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणत.

मी तिन्ही मोजायला घेतली. उस्ताद वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवून गोळी झाडी आणि मी नळीपुढच्या यंत्रावर वेग टिपून घेई. त्याच पुंगळ्या, तीच दारू, त्याच गोळ्या, तरी दहा काडतुसांचे दहा वेग, आणि त्यांत नको तेवढं अंतर. मी भरायच्या खोलीत जाऊन बसले. माझ्याजवळ पाच ग्रॅमचं एक प्रमाणित वजन होतं. ते उस्तादच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं आणि नुसती बघत राहिले. आकडा स्थिर होता. मग छतातला एसी सुरू झाला आणि आकडा हलू लागला. एसी थांबला, आकडा जागेवर आला. वाऱ्याचा झोत थेट काट्यावर पडत होता.

दुसऱ्या दिवशी मी घरून केकचा पारदर्शक डबा आणला, त्याला एका बाजूने हात जाईल एवढं भोक पाडलं आणि काट्यावर उपडा घातला. काटा एसीखालून हलवून कोपऱ्यात नेला. त्या दिवशी भरलेल्या दहा काडतुसांच्या वेगातलं अंतर निम्म्याहून कमी झालं. उस्तादने माझी वही हातात घेऊन सगळे आकडे पुन्हा वाचले.

"चार साल से ये हवा मेरे सर पर चल रही थी," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने माझ्यासाठी स्वतः चहा केला, वेलची घालून. "पी लो, बेटा."

तरी मूळ प्रश्न होताच. काट्यामुळे गोळ्या वर-खाली दोन्हीकडे गेल्या असत्या. आयबेक्सला लागलेली मात्र चांगलीच खाली लागली होती.

फेब्रुवारीत अबू सैफ मित्रांना घेऊन स्वतः तिन्ही रायफली चालवायला आले. सेव्हन एमएमच्या गोळ्या वाऱ्याने जरा बाजूला ढळल्या. थ्री हंड्रेडने त्यांनी चारशेवर सुरेख पाच गोळ्या मारल्या. थ्री थर्टी-एटची पहिली बरी गेली, पुढच्या विखुरल्या. मित्र म्हणाले, सवय होईल. तेव्हा उस्तादने माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्याच रायफलीत पुढची काडतुसं भरताना त्यांत एक नकली घातलं. नुसती पुंगळी आणि गोळी. आत दारू नाही, टोपी नाही. अबू सैफनी चाप ओढला. खट् एवढाच आवाज झाला, आणि गोळी सुटलेली नसतानाही रायफलीचं तोंड खाली झुकलं. सगळ्यांनी पाहिलं. फादी वाळूकडे बघू लागला.

अबू सैफ उठून बसले. मित्रांकडे न बघता त्यांनी मला विचारलं, "तुमने क्या देखा?"

मला ईराची शाळा आठवली, हेमंतचा तो हळू आवाज आठवला. गप्प राहणं फार सोपं होतं.

"झटका आने से पहले ही आपका कंधा चौंक जाता है," मी म्हटलं. "बड़ी वाली से आप डरते हैं. बीच वाली से नहीं डरते."

वाऱ्याने लक्ष्याचे कागद फडफडत होते. मग अबू सैफनी ते नकली काडतूस काढून तळहातावर ठेवलं, बराच वेळ पाहिलं, आणि उस्तादला परत दिलं. "सच बोला," ते म्हणाले. "बड़ी वाली अंदर रख दो."

त्या संध्याकाळी मी घरी येऊन हेमंतला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मालकाला डायरेक्ट भित्रा म्हणालीस?"

"भित्रा नाही म्हणाले. दचकतो म्हणाले."

तो हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा मोकळं हसला. ईरा म्हणाली, "बाबा, व्हाय आर यू लाफिंग?" तर त्याला सांगताच येईना.

उत्तर सापडलं ते मार्चमध्ये, अबू सैफच्या जुन्या वहीत. आदल्या वर्षी काडतुसं सप्टेंबरच्या भर दुपारी तपासली होती, चाळिशीच्या पलीकडच्या उन्हात. मी त्यांना फोन करून विचारलं, "वहाँ पहाड़ पे ठंड कितनी थी?" ते म्हणाले, "बोतल में पानी जम गया था." डोंगराच्या उंचीचा आणि विरळ हवेचा हिशेब त्यांच्या नेमबाजीच्या तक्त्यात धरलेला होता. काडतुसातली दारूच गारठली तर काय होईल, हे मात्र कुणी धरलं नव्हतं.

हे तपासायला डोंगर कुठून आणायचा? मला लहानपणीचं पॉट आइस्क्रीम आठवलं. मे महिन्यात वडील बर्फात जाडं मीठ घालून हात दुखेस्तोवर भांडं फिरवायचे. मीठ घातलं की बर्फ नुसत्या बर्फापेक्षा गार होतो. मी मासे ठेवायची पेटी आणली, त्यात बर्फ आणि मीठ भरलं, आणि थ्री हंड्रेडची काडतुसं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तासन् तास आत ठेवली. उस्ताद पेटीवर बसून राहिला. "उमर गुज़र गई," तो म्हणाला, "गोली की कुल्फी पहली बार देखी."

आधी त्याने बाहेरची उबदार काडतुसं सहाशेवर झाडली. पाचही पत्र्याच्या मधोमध. मग पिशवीतून एकेक काढून, नळी निवू देऊन, गारठलेली पाच झाडली. यंत्रावर वेग सेकंदाला जवळजवळ शंभर फुटांनी उतरला होता. मी दुर्बिणीला डोळा लावला. पाचही खुणा एकमेकींजवळ, अगदी नीटस, आणि पहिल्या पाचांच्या बरोबर वीतभर खाली.

उस्तादने दुर्बिणीतून बघितलं. बराच वेळ तो मागे झालाच नाही. मग दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "तो मेरी गोली सीधी थी."

"बिलकुल सीधी थी, उस्ताद."

तो उठून खोलीत गेला. मी त्याच्या मागे गेले नाही. इतके महिने आपल्या हाताने एक जनावर हालहाल होऊन मेलं, असं मनात धरून हा माणूस रोज काडतुसं भरत होता. ते ओझं उतरताना कुणी बघू नये.

माझा अहवाल एका पानाचा होता. काडतूस थ्री हंड्रेड, उस्तादच्या हातचं. तक्ता बर्फातल्या वेगावरून बनवायचा. आणि पाचशे मीटरच्या पुढे गोळी झाडायची नाही. हे शेवटचं वाचून अबू सैफनी भुवया उंचावल्या. "मेरे दोस्त हज़ार की बात करते हैं. पाँच सौ सुनके हँसेंगे."

मी पुठ्ठ्याचा गोल कापून नेला होता, ताटाएवढा. आयबेक्सच्या काळीज-फुप्फुसाची जागा तेवढीच असते, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. चारशे आणि पाचशेवर त्यांनी मारलेल्या सगळ्या गोळ्या त्या गोलात बसत होत्या. सहाशेवरच्या दहातल्या तीन बाहेर होत्या. मी सहाशेवरच्या लक्ष्याच्या कागदावर फक्त तो गोल ठेवला. त्या तीन भोकांवर त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "हँसने दो."

पाडव्याला दोन दिवस होते. फादी स्वतः माझ्याकडे कागद घेऊन आला, नोकरी कायम झाल्याचे. क्लबची सगळी मोजणी आता मी बघायची होती. "अँड द ओल्ड मॅन इज स्टेइंग," तो म्हणाला, आणि खरं सांगते, त्याचाही चेहरा हलका झाला होता. घरी आल्यावर मी हेमंतच्या हातात कागद दिले. तो वाचत राहिला, मग आत जाऊन त्याने श्रीखंडासाठी चक्का टांगला. बाल्कनीत गुढी उभी केली तेव्हा ईराने विचारलं, "सो वी आर नॉट गोइंग?" हेमंत म्हणाला, "नाही गं. इथेच." ती धावत जाऊन शाळेचं दप्तर भरू लागली, सुट्टी असूनही.

आता इतक्या वर्षांनी वाटतं, त्या हिवाळ्यात सगळं शहर आकड्यांनी हादरलं होतं आणि मला मात्र आकड्यांनीच उभं केलं. तेव्हा सगळीकडे मोठ्याचीच हाव होती, उंच टॉवर, लांब पल्ला, थोरलं काडतूस. कुठवर आपल्याला नीट जमतं, हे मोजून बघायला कुणी थांबत नव्हतं. त्या एका पानाइतका अभिमान मला पुढे कुठल्याच कामाचा वाटला नाही. शिकार मला आजही आवडत नाही. अबू सैफना मी ते सांगितलंही, ते म्हणाले, "आवडू नये. तुझं काम वेगळं, माझं वेगळं." हे त्यांनी हिंदीत सांगितलं होतं, पण मला ते मराठीतच आठवतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते डोंगरात गेले. नोव्हेंबरात परत आले तेव्हा पहिली थंडी पडली होती. शिंगांचे फोटो वगैरे काही न दाखवता ते भरायच्या खोलीत आमच्यासमोर स्टुलावर बसले. पहिल्या दिवशी मोठा आयबेक्स दिसला, ते म्हणाले, पण मधलं अंतर सातशे. वाटाड्या म्हणाला, मारा. त्यांनी नाही मारलं. दुसऱ्या दिवशीही दूरच. तिसऱ्या सकाळी वाऱ्याच्या उलट बाजूने रांगत, गुडघे सोलून घेत ते चारशेच्या आत पोचले. "एक गोली," ते म्हणाले. "वो एक क़दम भी नहीं चला." उस्तादने डोळे मिटून मान हलवली.

मग अबू सैफ उठले. "यल्ला, चलो मनीषा. अब तुम."

मला वाटलं, काहीतरी मोजायचंय. ते मला बाहेर मेजाकडे घेऊन गेले. थ्री हंड्रेड वाळूच्या पिशव्यांवर ठेवलेली होती. उस्तादने माझ्या कानांवर आवाजरोधक चढवले, खांद्याशी एक जाड रुमाल घडी करून दिला आणि काडतूस स्वतः आत सरकवलं. रायफलीवरच्या दुर्बिणीत चारशेवरचा पांढरा पत्रा उन्हात लखलखत होता. माझा श्वास त्याला वर-खाली हलवत होता.

"आधा साँस छोड़ो," तो मोठ्याने म्हणाला. "फिर रुको. चाप को पता न चले."

मी अर्धा श्वास सोडला. थांबले. दणका खांद्यातून पाठीत उतरला, वाळू उडाली, आणि पत्रा दिसेनासा झाला. मग एक लांब क्षण काहीच नाही. आणि दुरून, देवळातली घंटा कुणीतरी हळूच वाजवावी तसा, लोखंडाचा आवाज आला.

उस्तादने दुर्बीण खाली ठेवली. "बीच में लगी," तो म्हणाला.

मी आवाजरोधक काढून मान वर केली. गार वारा तोंडावर आला. पत्रा अजून हलत होता.